डावे गोंडे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम., तेही पहिल्या वर्गात. हे मी खालच्या आवाजात सांगत नाही. मोबाईलवरचं दुकान काढायचं डोकंही माझंच.

शिवकाळातल्या लढाया करून दाखवणारी मंडळं असतात. मिरवणुकीत, किल्ल्यावर, शाळेच्या मैदानात. ढाली, म्यानं, अंगरखे मंडळातली पोरं स्वतःच बनवतात. त्यांना लागणारा माल आम्ही विकतो. चामडी पट्टे आणि पितळी कड्या मी बाहेरून आणते. सुती नाडे आणि गोंडे माझी काकू वळते. तिच्या माहेरचे तिसगावच्या बाजारात बैलांचा साज विकायचे, हात तिथं बसलेला.

जुनं दुकान म्हणजे चार फोटो आणि खाली काकूचा नंबर. लोक फोन करायचे. काकू आधी गाव विचारायची, मग पाऊसपाणी, मग काम. गप्पा लई, विक्री थोडी. म्हणून नगरच्या एका मैत्रिणीला हाताशी धरून मी दुकान नव्यानं बांधलं. पांढऱ्या कापडावर एकेक वस्तूचा मोठा फोटो, खाली दर, पत्ता लिहायला जागा. कुणाशी बोलायची गरजच नाही.

आणि काकूला म्हणाले, "यंदा उसाला जाऊ नको."

दिवाळी झाली की काका-काकू साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पण गेल्या हंगामात मोळी डोक्यावर घेताना काकूच्या कंबरेत काहीतरी सरकलं, ते अजून जाग्यावर आलेलं नाही. माझ्या शब्दावर तिनं टोळीच्या मुकादमाची आगाऊ उचल नाकारली. तो ओट्यावर चहा पीत म्हणाला, "वहिनी, मोबाईल ऊस तोडतो व्हय?"

"तोडत न्हाई," काकू म्हणाली, "पन कंबर बी मोडत न्हाई."

मी मोबाईलपुढं नारळ फोडून दुकान चालू केलं. गावातून तोडणीच्या टोळ्या घेऊन ट्रॅक्टर निघायला लागले होते. दुकानात चिटपाखरू नाही. काकू दोरा वळता वळता विचारायची, "आलं का गं कोन?" पुढं तिनं विचारणंच सोडलं, ते मला जास्त लागलं. काका दारात बसून कोयत्याला धार लावायचे.

मग एका मंडळाची ऑर्डर आली. तलवारीच्या मुठीला बांधायला गोंडे, आणि तेही घरात होते जवळजवळ तेवढे सगळे. काकूनं पत्र्याची पेटी सतरंजीवर उपडी केली, लाल ढीग पडला. रंग पसंत आहे का म्हणून मी ढिगाचा फोटो पाठवला. उत्तर आलं : ताई, यातले निम्मे उलट्या पिळाचे दिसतात. आमची रांग एकसारखी पाहिजे. दुकानात दाखवलाय तसाच द्या.

बैलाला शिंगं दोन. डाव्या शिंगाच्या गोंड्याला डावा पीळ, उजव्याच्या उजवा, म्हणजे दोन्ही समोरासमोर पडतात. आमच्याकडे गोंडा म्हटलं की जोडीच, लहान पोरालाही ठाऊक. फोटोत मात्र आम्ही एकच ठेवला होता, उजवा. तलवारीला मूठ एकच असते, हे घरात कुणाच्या मनातच आलं नाही.

"का गं," काकू म्हणाली, "डाव्या हातानं लढनारं येक बी न्हाई त्यांच्यात?"

मी तेही विचारलं. मोबाईलवर हसऱ्या तोंडांची चित्रं आली आणि खाली, नाही.

डावा गोंडा उसवून उजवा होत नाही, दोरा पिंजतो. निम्मे नव्यानं वळायचे, आणि त्यांचा कार्यक्रम तोंडावर. त्याच संध्याकाळी मुकादम परत आला. टोळीतलं एक माणूस आजारी पडलं होतं.

काका उठून म्हणाले, "मी येतो. अर्धा कोयता धरा." अर्धा कोयता म्हणजे एकटा माणूस.

काकूनं हातातला दोरा खाली ठेवला. "मोळ्या कोन बांधील?"

"मीच."

"आन भाकरी?"

काका कोयता फडक्यात गुंडाळायला लागले.

मी म्हणाले, "काका, थांबा की. अजून ऑर्डरी येतील."

"येऊ दे ना. आल्या तर फोन कर, माघारी येतो."

सकाळी टेम्पो आला. काकूनं काकांच्या भाकऱ्या फडक्यात बांधून माझ्या हाती दिल्या आणि आत जाऊन गोंड्याला बसली. मी काकांचं बोचकं वर चढवलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"काकूला बोलावू का?" मी विचारलं.

"नको. हात गुतलाय तिचा, मधीच सोडला तर पीळ उलगडंल." चढताना त्यांनी दाराकडं पाहिलं. "तिला मोळी उचलू दिऊ नको. सरपनाची बी."

टेम्पो वळणावर गेला तरी मी भाकऱ्या हातातच धरून उभी होते.