सुईण आजी आणि बाईंची बदली

“ही एक मोकळी होवंदे, मगे खुशाल जा.”

सुईण आजी दवाखान्यातल्या नर्सबाईंना हे सांगत तेव्हा त्यांचा एक हात बाईंच्या पाठीवर असे. मोकळी व्हायची ती गावातली कोणी गरोदर सून. ती बाळंत होईपर्यंत दुसरीला सातवा लागलेला असे. ही रांग संपत नाही, हे आजींना पक्कं ठाऊक होतं.

कट्टा गावापासून दोन मैलांवरच्या त्या सरकारी दवाखान्यात मी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कारकून होतो. दोन वर्षांत तीन नर्सबाई आल्या आणि बदली करून घेऊन गेल्या. एकटीची खोली, न समजणारी बोली, परकं जेवण. चौथ्या बाई तासगावकडच्या होत्या.

शिकलेली नर्स टिकली की सुईणीचं बोलावणं थांबतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. शेजारणीने आजींना तेच ऐकवलं.

“गो काकी, त्या बायेक धरून ठेवतंस. तुका मगे कोण बोलवतलो?”

“माका आता सुयेत दोरो ओवूक जमना नाय. तुझ्या सुनेक मी हात लावू?”

आजींचे डोळे मोतीबिंदूने गढुळले होते. बाई गेल्या तर अडलेल्या बायका पुन्हा आपल्याच हाती येणार, ही त्यांची धास्ती होती.

त्या कामाला लागल्या. बाईंना नाचणीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, म्हणून कोल्हापूर गाडीच्या ड्रायव्हरकडून ज्वारी मागवू लागल्या. बाई मासे खात नसत. आजी फणसाची भाजी वाढत आणि गंभीरपणे सांगत, “खा बाये, ह्येका काटो नाय.” बारशाला सुईणीसाठी मानाचा पाट मांडलेला असे. आजी त्यावर बाईंना बसवत, आपण भिंतीला टेकत आणि घरच्या बायकांना बजावत, “पयली ओटी बायेची.”

तरी बाई बदलीचा अर्ज लिहून माझ्या टेबलावर ठेवत. दुसऱ्या दिवशी स्वतःच उचलून नेत. असे तीन अर्ज मी पाहिले. चौथा त्यांनी उचलला नाही, तो टेबलावरच पडून राहिला. तासगावला त्यांची आई एकटी पडली होती.

त्याच सुमारास डॉक्टरांनी आजींना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला जायला सांगितलं. सोबत जायला कोणी नव्हतं. बाईंनी तीन आठवड्यांची रजा घेतली. निघताना माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “मी परत आले नाही, तर तो अर्ज टपालात टाका.”

आजी मागेच उभ्या होत्या. “टाक हां, झिला,” त्या म्हणाल्या. “तिकाय आवस आसा.” बाईंच्या आईचं आजींनाही ठाऊक होतं.

बाईंनी ट्रंक नेली होती. गावाने निकाल देऊन टाकला. “मिरजेसून तासगाव काय लांब? गेली ती.”

रजेच्या शेवटच्या दिवशी मी कट्ट्याच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. गाडीतून आधी बाई उतरल्या. मग एका डोळ्यावर हिरवं कापड बांधलेल्या आजी. त्यांनी हात धरून तिसरीला उतरवलं. नऊवारीतली, उंच, डोईवर ज्वारीचं गाठोडं घेतलेली म्हातारी. बाईंची आई.

“यांनी आणलं,” बाई हसत म्हणाल्या. मिरजेहून आजींनी हट्टाने तासगाव गाठलं होतं आणि आईच्या उंबऱ्यावर बसकण मारली होती. “तुमी येतास म्हणासर मी हयसून उठूचंय नाय.” तुम्ही निघेपर्यंत इथून हलणार नाही, हा याचा अर्थ आईला समजावून सांगावा लागला. तोवर दोन दिवस गेले होते आणि आईने गाठोडं बांधायला घेतलं होतं.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला त्या दिसतात त्या शेताच्या बांधावर, त्या दुपारी स्टँडवरून परतताना. दोघी म्हाताऱ्या पुढे, बाई आणि मी मागे. आजी उघड्या, गढूळ डोळ्याने दिसेल तिकडे बोट दाखवत होत्या.

“ह्या घरात तुमच्या चेडवान दोन पोरां काढल्यान. त्या घरात एक, पायाळू.”

“काय म्हणत्यात गं ह्या?” आईने मागे वळून विचारलं.

कुठल्या घरात आपण किती बाळंतपणं केली ते बाईंनी सांगितलं. आई थांबून प्रत्येक घर नीट पाहू लागली. मग आजींनी बोट दाखवलं ते एका गवताच्या उडवीकडे. “थंय तर जुळी.”

“हो,” बाई म्हणाल्या. “जुळी.”

आई उडवीकडे बराच वेळ कौतुकाने बघत राहिली.