दोन तासवाल्या ताई

पुलाचा चढ संपेपर्यंत केकवालीला चांगलीच धाप लागली होती. शेजारून ताई चालत होत्या. वयाने वीस वर्षांनी मोठ्या, पहाटेपासून पायांवर उभ्या, तरी पलीकडे गाडी सुटायला आल्यासारख्या झपाझप.

"बस जरा कठड्यावर," ताई म्हणाल्या.

"जेवणानंतर चालायला सांगितलंय ना डॉक्टरबाईंनी?"

"चालायला सांगितलंय. पळून जायला नाही."

केकवाली बसली. सातवा महिना सरत आला होता, पण पोट त्या मानाने लहान दिसत होतं. खरी काळजी तीच होती. दोन आठवड्यांत वजन वाढायचं सोडून सव्वा किलो उतरलं होतं आणि बाळाची वाढही मंदावली होती. तरीही रोज मोजून वहीत लिहायची रक्तातली साखर काही खाली यायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरबाई सोमवारी वही बघणार होत्या. आकडे असेच राहिले तर भरती व्हायचं आणि इन्सुलिन सुरू करायचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

केकवालीने त्याचा धसका घेतला होता. आकडा चढला की ती पानातला एक पदार्थ कमी करायची. आधी भात सुटला, मग ब्रेड, मग बटाटा. आज दवाखान्याच्या बाकावर तिने एक उकडलेलं अंडं आणि चार काकडीचे काप खाल्ले, तेही ताई समोर येऊन बसल्या म्हणून.

ताई प्रसूतिगृहाच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत. त्यांचं नाव कागदावर काहीतरी होतं, पण बायकांमध्ये त्या 'दोन तासवाल्या ताई'. पोटुशी बायकांची साखरेची तपासणी उपाशीपोटी सुरू होते. आधी एकदा रक्त काढायचं, मग ग्लासभर साखरपाणी प्यायचं, मग तासाने एकदा आणि दोन तासांनी एकदा पुन्हा रक्त. तेवढा वेळ जागचं हलायचं नाही, काही खायचं नाही. दुसरीकडे बायकांना सांगून सोडून देत, मग कोणी बाजारात फिरून येई, कोणी बिस्कीट खाऊन तोंड पुसून येई. ताईंकडे ते चालत नसे. त्या खुर्ची ओढून बायकांमध्ये बसत आणि प्रत्येकीच्या मनगटावर चिकटपट्टी लावून तिच्यावर वेळ लिहीत.

"नऊ वाजून दहा," असं लिहून त्या बजावत, "या पट्टीला दहा वाजून दहाच्या आधी कोणी हात लावला तर मला सांग."

साखरपाण्याने मळमळणाऱ्या बाईला त्या म्हणत, "मी दर महिन्याला एक ग्लास पिते, तुम्हाला काय पाजते ते कळावं म्हणून. वाईटच लागतं. पण तू एकदाच पिणार आहेस, माझ्याकडे बघ."

सुई टोचण्याआधी त्या छताकडे बघून ओठ हलवत. केकवालीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काय मागता देवाकडे?"

"शीर सापडू दे म्हणते. बाकीचं त्याचं तो बघेल."

त्या दिवशी केकवालीची साखर थोडी जास्त निघाली. गरोदरपणातली साखर, बाळंतपणानंतर बहुतेक जाते, पण तोवर जपायला हवं, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. घरी नेऊन मोजायला एक छोटं मशीन दिलं, आकडे लिहायला वही दिली.

आता पुलाच्या कठड्यावर बसून ताई तीच वही चाळत होत्या.

"सकाळी उपाशीपोटी मोजतेस ते कुठे?"

"घरी. उठल्या उठल्या."

"आणि दुपारचं?"

"बेकरीत. मागच्या खोलीत."

"सकाळचे सगळे आकडे बरे आहेत. दुपारचे सगळे डोक्यावर बसलेत." ताईंनी वही मिटली. "गेल्या मंगळवारी तुझ्या दंडातून मी रक्त काढलं, जेवणानंतर दोन तासांनीच. एकशे अठरा. आणि आदल्या दिवशी बेकरीत तुझ्या बोटातून दोनशे चार. लघवीच्या तपासणीत तर उपासमार दिसतेय. खरं सांग, चोरून केक खातेस का?"

केकवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "दीड महिन्यात बोटभर क्रीम चाटलं नाही हो. वास आला तरी तोंड फिरवते. सासूबाई म्हणतात, आम्ही काय कमी पोरं जन्माला घातली, आम्हाला कोणी आकडे विचारले नाहीत. नवरा म्हणतो, तू लपवून खातेस. आता तुम्हीही."

"मी विचारलं. म्हटलं नाही," ताई म्हणाल्या. "ऊठ. तीन वाजायच्या आत मला तुझी मागची खोली बघायची आहे."

उरलेली वाट दोघी सावकाश चालल्या. छापखाना, चपला शिवणाऱ्याची टपरी, शाळेची लांबलचक भिंत. खांद्यावरची पिशवी ताईंनी मध्येच न विचारता आपल्याकडे घेतली होती, हे केकवालीला बेकरीच्या दारात कळलं.

बेकरीचा मालक जाडजूड, शिस्तीचा माणूस. त्याचा एक नियम होता. केक सजवणाऱ्या बाईने कामाच्या मध्ये हात धुवायचे नाहीत. पिठीसाखरेला ओला हात लागला की गुठळ्या होतात, फुलाची पाकळी बसत नाही. हात कोरडे ठेवायचे, एप्रनला पुसायचे, पुढचा केक घ्यायचा. केकवाली सहा वर्षं याच नियमात घडली होती. तिच्या हातची साखरेची फुलं बघायला गिऱ्हाईक काचेपाशी थांबत.

तिने एप्रन चढवला. घड्याळात तीन वाजायला वीस मिनिटं होती, तेवढ्यात एक केक उरकला. तीन वाजता रोजच्यासारखी ती मागच्या खोलीत आली, दोन्ही हात एप्रनला खसाखसा पुसले आणि मशीन काढलं. ताई पिठाच्या पोत्यावर बसून बघत होत्या. बोटाला सुई टोचली, थेंब आला, पट्टीने तो ओढून घेतला.

एकशे अठ्ठ्याण्णव.

"बघा," केकवाली म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसली. "एका अंड्यावर."

ताई उठल्या. तिचा एप्रन चिमटीत धरून उजेडात झटकला. पांढरा धुरळा उडाला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "जा. साबण लावून हात धू. नखांतसुद्धा. आणि या एप्रनला पुसू नकोस, माझा रुमाल घे."

"मालक ओरडतील."

"मालकांना म्हणावं, माझ्यावर ओरडा. मला सवय आहे, मी बायकांना सुया टोचते."

हात धुऊन झाले. दुसरं बोट, दुसरा थेंब. आकडा यायला लागणारे ते काही क्षण केकवालीने डोळे मिटूनच काढले. डोळे उघडले तेव्हा ताई छताकडे बघत होत्या.

एकशे सहा.

मग ताई पोत्यावर बसल्या आणि पदार्थांच्या त्या गोड वासात पोट धरून हसू लागल्या. "साखर तुझ्या रक्तात नाही गं, बोटावर आहे. आणि तू पोटाला मारत बसलीस." हसता हसता त्यांनीच डोळे पुसले. "मीच चुकले. तपासणीला आलीस त्याच दिवशी विचारायला हवं होतं, काम काय करतेस म्हणून."

मालक दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आत जाऊन तो ताज्या ब्रेडचे दोन काप आणि पनीरचा तुकडा घेऊन आला. "हे चालतं का हिला?" त्याने ताईंना विचारलं.

"चालतं. आणि आजपासून हिला हात धुवायची मुभा द्या."

जाताना ताईंनी खिशातून चिकटपट्टी काढली, तिच्यावर 'साबण' असं लिहिलं आणि मशीनच्या डबीवर लावली.

सोमवारी डॉक्टरबाईंनी चार दिवसांचे नवे आकडे बघितले आणि भरतीचा कागद बाजूला ठेवला. पथ्य आणि चालणं शेवटपर्यंत होतंच, पण बेताचा भात पानात परत आला आणि वजनकाटाही हलला. मुलगी झाली, पावणेतीन किलोंची. दीड महिन्याने पुन्हा साखरपाण्याची तपासणी झाली आणि केकवाली त्यातून सुटली. ताईंनी शेवटची चिकटपट्टी काढताना म्हटलं, "आता दरवर्षी एकदा साखर बघून घ्यायची. माझी आठवण म्हणून."

केकवालीने ते पाळलं. दरवर्षी तपासणीच्या दिवशी ती ताईंकडे एक साधा केक घेऊन जाई, वर एकही फूल नसलेला. लॅबमध्ये आता दारातच नव्या बाईला विचारलं जाई, "काम काय करतेस?" कोणी रंगारी, कोणी मिठाईवाली, कोणी मधाच्या बाटल्या भरणारी. बायकांना वाटे, ताईंना गप्पांची हौस.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. बेकरी पुढच्या चौकात गेली, तिच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. केकवाली त्या पुलावरून जाते तेव्हा तिचा पाय कठड्यापाशी अजून रेंगाळतो. शेजारून कोणीतरी झपाझप चालत असावं असं तिला वाटतं.

ताई निवृत्त होऊन धाकट्या बहिणीकडे राहतात, केकवालीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आता साखर त्यांनाच आहे. डोळ्यांवर उतरली आहे, समोरचं माणूस आवाजावरून ओळखतात. या वर्षी केकवाली गेली तेव्हा त्यांनी केकचा चतकोर तुकडा तेवढा खाल्ला आणि बहीण आत जाईपर्यंत वाट बघितली.

"एक काम होतं तुझ्याकडे," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या.

"सांगा ना, ताई."

"मशीन हिच्याकडे असतं. आकडा मला दिसत नाही, ही वाचून दाखवते. रोज एकशे वीस, एकशे पंचवीस. इतकी शहाणी साखर मी उभ्या जन्मात बघितली नाही. मला झोप लागावी म्हणून कमी करून सांगते बिचारी, आणि औषध त्या आकड्यावर ठरतं." त्यांनी चाचपत केकवालीचा हात शोधला, तिची बोटं एकेक करून दाबून बघितली. "कामावर जाताना रोज पाच मिनिटं येशील का? जो आकडा दिसेल तो वाच. मोठा असला तर मोठा वाच. मी घाबरणार नाही. आणि आलीस की आधी तिकडे मोरीत जाऊन साबणाने हात धू, तुझेही आणि माझेही."