आतोबांचा अकर्स्ट

साहेबाच्या राज्यात साहेबापेक्षा शुद्ध इंग्रजीत वैतागणारा माणूस साऱ्या रत्नागिरीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता. कचेरीतली कारकुनी संपवून घरी बसलेल्या आतोबांना कुठल्याशा जुन्या ग्रंथात ‘अकर्स्ट’ हा शब्द सापडला आणि बाकीची भाषा त्यांना अळणी वाटू लागली. फणस चिकट, अकर्स्ट. रहाट कुरकुरला, अकर्स्ट. सोलकढी खारट झाली की ‘अकर्स्ट!’ म्हणत आणि तीच वाटी पुन्हा पुढे करीत. कुणी अर्थ विचारलाच तर त्याची सुटका नसे. “शाप लागलेलं, हा मूळ अर्थ. वापरात मात्र नुसता वैताग. हल्ली साहेबसुद्धा विसरलेत हा शब्द!” त्यावर आत्या आतून म्हणे, “मग तुम्ही तेवढे कशाला लक्षात ठेवलात?”

माझी आतेबहीण शकू हिला बघायला जयगडची मंडळी आली, त्या सकाळी आत्याने आतोबांना देवापुढे उभं करून तो शब्द न काढण्याची शपथ घातली. दोन तास आतोबा शहाण्यासारखे वागले. पोहे झाले, मुलगी पसंत पडली, शकूलाही मुलगा आवडला होता. पाहुण्यांना निरोप द्यायला आतोबा उठले आणि जांभ्याच्या पायरीवर त्यांना सणसणीत ठेच लागली. “अकर्स्ट हाऊस!”

मुलाचे वडील मुंबईत वीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहीत होते. ते मटकन खाली बसले. “घराला शाप आहे?” आतोबांनी आनंदाने तासभर मूळ अर्थ आणि वापर यांतला फरक समजावला. पाहुणे म्हणाले, “सून न्यायची म्हणजे आम्ही मूळच बघणार हो. देवीला कौल लावू.” शकू माजघरात रडत होती. मला आतोबांचा असा राग आला की त्यांचा तो ग्रंथ विहिरीत टाकावासा वाटला.

देवळात गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर घर निर्दोष, डावी पडली तर लग्न मोडलं. अर्धा तास एकही हलेना. आतोबा घामाने निथळत होते, ओठ फुरफुरत होते. शेवटी त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. उजवी पाकळी पडली. सगळे हसले, आत्याने डोळे पुसले, पण आतोबांनी बोळा काही घरी येईपर्यंत काढला नाही.

लग्नानंतर शकू सासरी निघाली. मांडवी बंदरात बोट दूर उभी होती, आणि तिथवर नेणारा पडाव लाटांवर नुसता नाचत होता. शकूने पदर घट्ट धरून पाऊल टाकलं. आम्ही सगळे आतोबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी एकदा लाटांकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

“समुद्र चांगला आहे गो आज,” ते म्हणाले. “नीट बस हो.”

आणि पडाव बोटीला लागेपर्यंत ते समुद्राकडे हात जोडून उभे होते.