सुगनशेठच्या तेलाची परीक्षा

तपासून झालेलं तेल आम्ही महिन्याच्या शेवटी एका पिंपात ओतायचो. बाटल्या रॉकेलने धुवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि परत फळीवर मांडायच्या. पण प्रत्येक बाटलीबरोबर एक माणूस आलेला असायचा आणि माणसाबरोबर एखादा किस्सा. ते किस्से कुठल्या पिंपात ओतणार? ते साचतच गेले. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, पण "तुमच्या त्या लॅबमधलं सांग ना" असं कुणी म्हटलं की मला थांबवावं लागतं!

लॅब म्हणजे जळगावच्या एमआयडीसीतल्या दोन खोल्या. इंजिनातलं ऑइल तपासून ते अजून कामाचं आहे की संपलं, हे सांगणं हा आमचा धंदा. कोल्हे मॅडम केमिस्ट, त्याच मालक. मी आठवीत शाळा सोडलेला, त्यांचा एकमेव असिस्टंट. ऑइल किती पातळ झालं, त्यात पाणी शिरलं का, कागदावर थेंब टाकून काजळी किती, हे मोजायला मॅडमनी मला शिकवलं. एकदाही न रागावता शिकवलं, हे विशेष!

सांगतोय ते किस्से अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद सालचे, आणि सगळे एकाच तेलाचे.

*

धुळ्याचे सुगनचंद शेठ मूळचे राजस्थानचे. स्वतःच्या शेडमध्ये ते ट्रकसाठी स्वस्तातलं ऑइल बनवायचे. साधं तेल आणायचं, त्यात मापाने औषधं, म्हणजे तेल टिकवणारी रसायनं, मिसळायची, डबे भरायचे. काम चोख. पण त्या वेळी स्वस्त ऑइल म्हटलं की लोकांना वाटायचं, कुणाच्या तरी इंजिनातून काढून, गाळून, परत डब्यात भरलंय! कुणी घेईना.

शेवटी सावद्याचे नाना तयार झाले. नानांचे अकरा ट्रक केळी घेऊन दिल्लीला जायचे. नाना म्हणाले, "दोन गाड्या देतो. एकीत तुमचं तेल, एकीत कंपनीचं भारी तेल. नऊ हजार किलोमीटर चालवू. मॅडम पास म्हणाल्या त अकराच्या अकरा गाड्या तुमच्या. नापास म्हणाल्या त शेडले कुलूप लावा अन् गावाले जा!"

नाना गमतीने म्हणाले, पण शेठना ते खरंच करावं लागलं असतं. मारवाडातला त्यांचा भाऊ कपड्याच्या दुकानात या म्हणून पत्रावर पत्रं पाठवत होता. शेठना कपड्यात रस नव्हता. ते तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून पाहायचे, तसं कुणी रेशीमही पाहत नसेल!

पहिल्या दिवशी शेठ लॅबमध्ये पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. मॅडमनी तो उघडलासुद्धा नाही. "शेठ, पेढे रिपोर्टनंतर. रिपोर्ट वाईट आला तरी आणाल ना?"

शेठनी बॉक्स परत उचलला.

"आणीन मॅडमजी. साखर थोडी कमी घालायला सांगीन!"

*

शेठचं तेल ज्या गाडीत घातलं, तिचा ड्रायव्हर होता उखर्डू, सावद्याचाच. उंच, मिशाळ, आणि लॅब या प्रकारावर अजिबात विश्वास नसलेला. "बाटलीत घेऊन तेलाले काय इचारता? गाडीले इचारा!" असं तो मला तोंडावर म्हणाला होता. तरी नानांच्या हुकुमावरून तीन हजार किलोमीटर झाल्यावर त्याने गरम इंजिनातलं तेल आम्ही दिलेल्या बाटलीत भरून आणलं.

तेलात पाणी आहे का, हे पाहायची रीत सोपी. गरम तव्यावर एक थेंब टाकायचा. तेल असेल तर गप्प पसरतं, पाणी असेल तर तडतडतं. उखर्डूचा थेंब फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला!

तेलात पाणी म्हणजे इंजिनात पाणी शिरलं! नानांना फोन गेला. नानांनी मिस्त्रीला बोलावलं, इंजिन खोलायची तयारी झाली. शेठ धुळ्याहून मिळेल त्या गाडीने आले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

मॅडम मात्र शांत. त्यांनी उखर्डूला बोलावून एकच विचारलं, "भाऊ, आम्ही दिलेली बाटली तुम्ही धुतली होती का?"

"त मंग? पयले त्याच्यात कायकाय ठेवलं आसन! दोनदा धुतली. नर्मदामाईच्या पाण्यानं!"

जाताना नर्मदेच्या पुलाशी गाडी थांबवून, खाली उतरून, हात जोडून त्याने बाटली धुतली होती आणि ओली तशीच भरली होती.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला पुण्य लागलं. आता कोरड्या बाटलीत परत आणा."

*

कोरड्या बाटलीतला थेंब तव्यावर गप्प पसरला. पण एवढं झाल्यावर नानांचाच विश्वास डळमळला. "बाटलीतलं पाणी इंजिनाचं की नर्मदेचं, हे तुमच्या यंत्राले कळत नही. मंग तेल चांगलं की वाईट, हे कसं कळन?"

आणि एका सकाळी त्यांनी आमच्या टेबलावर पाच बाटल्या मांडल्या. त्यांच्यावर फक्त नंबर. "सांगा काय काय आहे. चुकलात त परीक्षा इथंच बंद!"

शेठचं सगळं नशीब त्या पाच बाटल्यांवर येऊन बसलं. आम्ही दोन दिवस इतर सगळी कामं बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी नाना आले. मॅडमनी कागद वाचला. "एक नंबर नवं तेल, न वापरलेलं. दोन आणि पाच एकाच इंजिनातलं, एकाच दिवशी काढलेलं. तीन नंबरच्या गाडीचा पंप बघा, तेलात डिझेल उतरतंय. आणि चार नंबर कुठल्याच इंजिनात गेलेलं नाही. ते शेंगदाण्याचं तेल आहे, त्यात भजी तळलीत."

नानांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. पण माणूस हार मानणारा नव्हे!

"कशाची भजी?"

मॅडम म्हणाल्या, "तेवढं रिपोर्टात येत नाही, नाना."

मी कोपऱ्यात स्टॉपवॉच पुसत होतो. त्या बाटलीचं बूच मीच उघडलं होतं. तोंडातून निघून गेलं, "मिरचीची."

नानांनी टोपी उचलून परत डोक्यावर घातली. मग मॅडमना म्हणाले, "परीक्षा चालू राहू द्या."

*

दुसऱ्या गाडीवर, म्हणजे कंपनीचं भारी तेल घातलेल्या गाडीवर, भाईदास होता. धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा, फार भला माणूस. सहा हजार किलोमीटरला त्याने बाटली आणून दिली. मी उजेडात धरली तर तेल मधासारखं सोनेरी!

डिझेल इंजिनात नवं तेल घातलं की एका फेरीतच ते काळं पडतं. ते काळं पडलं म्हणजे वाईट झालं असं नाही, ते काजळी धुऊन आपल्यात घेतं म्हणून काळं होतं. सहा हजारला सोनेरी तेल मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी भाईदासला खुर्ची दिली, पाणी दिलं. "भाईदास भाऊ, या इंजिनातून सहा हजारला असं तेल निघत असेल तर दोनच गोष्टी शक्य आहेत. गाडी उभी आहे, नाहीतर ड्रायव्हर देव आहे."

भाईदास खाली मान घालून म्हणाला, "गाडी त उभी नही शे, मॅडम."

मग हळूहळू बाहेर आलं. आपली गाडी नापास झाली तर नाना आपल्याला गाडीवरून उतरवतील, या भीतीने त्याने नव्या डब्यातलंच तेल बाटलीत ओतलं होतं. मॅडमनी नानांना यातलं काही कळवलं नाही. भाईदासबरोबर मला पाठवलं, आणि आम्ही गरम इंजिनातून खरं तेल काढून आणलं.

त्या वेळी दोन्ही तेलांचे आकडे जवळजवळ सारखे आले! लोखंड किती झिजलं, ते आम्ही पुण्याच्या मोठ्या लॅबमधून तपासून आणायचो. तेही बरोबरीने. शेठचं तेल भारी तेलाच्या खांद्याला खांदा लावून उभं होतं. राहिले होते तीन हजार किलोमीटर.

*

नऊ हजारच्या बाटल्या आल्या तो दिवस मी विसरणार नाही.

दीपनगरचं पॉवर हाऊस आमच्यापासून तासाभरावर, आणि लाइट मात्र आमचीच जायची! तेल किती दाट आहे ते पाहायचं तर काचेची नळी बरोबर शंभर डिग्रीला ठेवून तेल खाली उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तीनदा सुरू केलं, तीनदा लाइट गेली. तिसऱ्या वेळी माझी मोजणी लाइट जाता जाता पूर्ण झाली होती. मी आनंदाने आकडा लिहिला. बाहेर बाकावर शेठ सकाळपासून बसले होते, त्यांना लवकर मोकळं करावं असं मला वाटत होतं.

मॅडमनी विचारलं, "शेवटच्या सेकंदाला तापमान किती होतं?"

"दिसलं नाही, मॅडम."

"मग तो आकडा आपला नाही." आणि त्यांनी तो खोडला.

तेलातलं औषध किती शिल्लक आहे, ही तपासणी तर त्यांनी स्वतः केली. एकदा केली. परत केली. चहा गार झाला, तिसऱ्यांदा केली. त्यांनाही शेठचं तेल पास व्हायला हवं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. पण तिन्ही वेळा आकडा तोच. औषध संपलं होतं. भारी तेलात अजून थोडं शिल्लक होतं.

मॅडम स्वतः बाहेर बाकावर जाऊन शेठच्या शेजारी बसल्या. "शेठ, तुमचं तेल सहा हजारला उत्तम आहे. नऊ हजारला संपलंय. मी दोन्ही लिहिणार."

शेठनी रिपोर्ट घेतला, नीट घडी घातली, खिशात ठेवला. वाद नाही, विनवणी नाही. "बराबर आहे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे आले. खरंच साखर कमी होती! मॅडम एरवी गोड खात नाहीत. त्यांनी दोन खाल्ले.

*

आठवड्याने नानांनी आम्हाला सावद्याला बोलावलं. शेठ आमच्या आधीच येऊन बसले होते. त्यांच्या मांडीवर ऑइलचा डबा. डबा तोच, पण पेंटरकडून त्याच्यावर ठळक लाल अक्षरं काढून घेतली होती: 'सहा हजार किलोमीटरला बदला. पुढे चालवू नका.'

नानांनी डबा हातात घेऊन दोनदा वाचला. "शेठ, मी आजवर लय दुकानदार पाहिले. आपला माल कमी चालतो, हे डब्यावर लिहिणारा पयला पाहिला!"

"जे आहे ते आहे, नाना."

"तुमचं तेल सहा हजारले बदललं तरी मले परवडते. पन बोली नऊ हजारची होती. अन् खरी अडचन वेगळीच आहे." नानांनी दाराकडे बोट केलं. दारात उखर्डू फेरीचे कागद घ्यायला उभा होता. "सहा हजार झाले, हे ध्यानात कोन ठेवन? हे ड्रायव्हर ठेवतीन? निम्म्या गाड्यांचे मीटर बंद! अन् यायले सोताच्या पोराची यत्ता याद नही! एखाद्यानं तसंच दामटलं त माझं इंजिन बसन."

 मॅडमचे आकडे सांगून झाले होते. शेठनी डबा परत मांडीवर घेतला आणि उठायला लागले.

"नाना, जरासं थांबा," उखर्डू म्हणाला.

तो आत आला. शर्टाच्या खिशातून त्याने प्लास्टिकची पिशवी काढली, आणि पिशवीतून शाळेच्या वह्यांतले, शाई टिपायचे गुलाबी टिपकागद. प्रत्येकावर तेलाचा एकेक डाग. एखाद्याने पत्ते मांडावेत तसे त्याने ते टेबलावर ओळीने मांडले. आठ-नऊ तरी असतील.

"बाटली न्यायले आलो तवा ह्या पोऱ्याले लॅबमधी कागदावर तेलाचा थेंब टाकतानी पाहिलं व्हतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मंग मी बी पोरीच्या वहीतला कागद घेतला. दर फेरीले एक थेंब. जानं एक फेरी, येनं एक फेरी. हा पयल्या फेरीचा, पाहा कसा साफ पसरला. हा चौथ्या फेरीचा, काळा आहे, पन पसरते. अन् हा..."

शेवटून तिसऱ्या कागदावर डाग पसरलाच नव्हता. मधोमध काळा गोळा आणि भोवती काजळाची रेघ.

"इथं तेल थकलं. मीटर असो की नसो. परीक्षा व्हती म्हनून पुढं चालवली. आता असा डाग दिसला की मी तेल बदलल्याबिगर गाडी हालवनार नही. तुमी सांगतलं तरी!"

मॅडमनी तो कागद उचलून खिडकीकडे धरला. नंतर आपल्या बॅगेतून रिपोर्ट काढून शेजारी ठेवला; डाग सहा हजारच्या जरा पुढचाच निघाला. त्यांचे डोळे भरले होते.

नाना सगळ्या कागदांवरून एकदा डावीकडून उजवीकडे गेले आणि एकदा उजवीकडून डावीकडे. मग त्यांनी टोपी नीट केली.

"शेठ, अकरा गाड्यांचं तेल पाठवा," ते म्हणाले. "अन् येतानी टिपकागदाचे दोन गठ्ठे आना!"