बँडच्या मागे घरघरणारी चार नंबर मशीन

मंडळी, आज रविवार म्हणून दुपारी सिल्वासाच्या एका छोट्या पबमध्ये चेहरे रंगवलेल्या इथल्याच पोरांचा सायकेडेलिक बँड ऐकला. तिघांचेही हात थांबले, तरी मागे घरघर चालूच! म्हटलं, रेकॉर्डिंग लावून आपल्याला उल्लू बनवतायत.

नीट कान दिला. अरे, ही तर आमच्या राखोलीच्या कंपनीतली चार नंबर मशीन! महिनाभर अशीच कण्हतेय.

गिटारवाल्याला गाठलं. "हा आवाज कुठून आणला?"

"गिटारच्या पेडलचा आहे, साहेब." त्याने नजर चुकवली. रंगवलेला चेहरा निरखला, तर माझ्याच शिफ्टचा ऑपरेटर!

म्हणजे यानेच मशीनचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला! पण कंपनीत मोबाईल गेटवरच जमा होतो. याने आत नेला कसा?

मेंटेनन्सवाले म्हणतात, मशीन ठणठणीत आहे. आता या रेकॉर्डिंगमध्ये बिघाडाचा पुरावा सापडलाय, पण दाखवला तर याची नोकरी जाणार. तुम्ही काय केलं असतं?