ताग गाडताना

सुमन गेली, त्याच्या आठवडाभर आधी तिने वांग्यांच्या जागेत ताग पेरला होता. आता तो कमरेच्या वर गेला आहे आणि त्यावर पिवळी फुलं येऊ लागली आहेत. ताग फुलावर आला की जमिनीत गाडायचा. तेच पुढच्या वांग्यांचं खत. मी मात्र रोज उद्यावर ढकलत होतो.

आज शेजारचे धोंडूभाऊ बैल घेऊनच आले. "मास्तर, आणखी आठ दिवस थांबलात तर दांड्यांचं लाकूड होईल. वहिनींनी हा काय बघत बसायला पेरला होता?"

नव्हता. गाडायचा म्हणूनच तिने तो पेरला होता. तिची शेवटची पेरणी जपता जपता मीच ती वाया घालवत होतो.

नांगर सुरू झाला. मी मागून चालत, वर राहिलेली फुलं पायाने मातीखाली दाबत गेलो.