दीड टक्का, चार महिने

"घ्या, लिहून टाका!"

एखादी अट मान्य झाली की टेबलावर तळहात आपटून आमच्या एजंटबाई एवढंच म्हणायच्या. मान्य नसली की भिंतीकडे बघत बसायच्या. लिहायचं काम मात्र कायम समोरच्याचं. "माझं अक्षर बघून आलेलं गिऱ्हाईक पळून जातं," असं त्यांचं कारण. मला आधी तो नखरा वाटला. मग त्यांनी कार्ड दिलं. नगर शहराचं नाव बदलल्यावर नवी कार्डं छापायच्या ऐवजी त्यांनी जुन्यावरच बॉलपेननं रेघ मारून वर नवं नाव लिहिलं होतं. ते मला वाचता आलं नाही. चाळीस वर्षं मी डॉक्टरांची अक्षरं वाचलेली बाई!

सावेडीत राहणाऱ्यांनी त्यांना पाहिलेलं असणारच. जांभळी स्कूटर, साडीवर मोठ्या खिशाचा पांढरा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो इतका वाजायचा की त्या कोपऱ्यावर असतानाच कुत्री उठून बसायची. माहेर कोल्हारचं, आणि बोलीही तिकडचीच. सावेडीत इतकी वर्षं काढली, पण 'हाय'चं 'आहे' काही झालं नाही.

आम्हाला रो-हाउस विकायचं होतं. मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, आमचे हे वीजमंडळातून. आदल्या वर्षी हे जिन्यावरून घसरले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि यांची कॉट खाली हॉलमध्ये आली. आमच्याच रस्त्याच्या टोकाला तळमजल्यावर एक फ्लॅट मिळत होता. बिल्डर चार महिने थांबायला तयार होता, त्याच्या पुढे एक दिवस नाही. म्हणजे चार महिन्यांत घर गेलं पाहिजे, नाहीतर यांची कॉट कायमची हॉलमध्ये.

त्याआधी दोन एजंटांनी आम्हाला पुरतं पिडलं होतं. कधीही बेल, कुणालाही घेऊन सरळ स्वयंपाकघरात. म्हणून या बाई आल्या तेव्हा मी आधीच सांगितलं, "ताई, सगळं कागदावर झाल्याशिवाय मी कुणाला उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

त्यांनी लगेच खुर्ची ओढली. "म्हंजे बाई माझ्यासारखीच हाय. काढा कागद."

मी फुलस्केप काढला. त्यांनी दोन टक्के दलाली आणि सहा महिने मागितले, आणि तोवर दुसऱ्या एजंटाकडे जायचं नाही. मी म्हटलं, एक टक्का, दोन महिने.

त्या भिंतीकडे बघायला लागल्या. बराच वेळ बघितलं. मग मान न वळवता म्हणाल्या, "सिस्टर, सुई टोचायच्या आधी तुमी कापूस तरी लावत असाल की न्हाई?"

मला हसू आवरेना. हे तर कॉटवर आडवे होऊन हसले. तरीही मी पेन खाली ठेवलं नाही. तासाभराच्या खेचाखेचीनंतर दीड टक्का आणि बिल्डरच्या मुदतीइतके चार महिने यावर तळहात आपटला. पैसे कधी द्यायचे यावरून पुन्हा भिंत. त्यांना निम्मे विसाराच्या दिवशी हवे होते, मला सगळे खरेदीखताच्या दिवशी.

"विसार झाल्यावर व्यवहार मोडला तर?" मी विचारलं.

"मोडू देईन व्हय मी?"

"मग खरेदीखतापर्यंत थांबायला काय हरकत आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलंय. मग तळहात आपटला. "लिहून टाका. लई बेरकी हाय सिस्टर."

यायच्या आधी एक तास फोन करायचा, हे कलम झालं. दुपारी दोन ते चार कुणी यायचं नाही, हेही झालं. तेवढ्यात हे कॉटवरून उत्साहानं म्हणाले, "ताई, एक सांगून ठेवतो. वरच्या बाथरूमच्या कोपऱ्यात पावसाळ्यात गळतं. बोअर उन्हाळ्यात दम टाकते. आणि शेजारचं कुत्रं..."

"थांबा!" त्यांचा हात हवेत गेला. "सिस्टर, माझं कलम लिहा. साहेबांनी गिऱ्हाईकासमोर बोलायचं न्हाई."

"मग काय खोटं बोलायचं?" हे ताडकन उठून बसले.

"खोटं कोन म्हनतंय? गळतंय ते मीच सांगनार. पन सगळं घर दाखवल्यावर, जिना उतरताना. तुमी दारातच सांगताय. मानूस चपला काढायच्या आधीच परत जाईल की!"

बिचाऱ्यांनी सही केली. निवृत्तीच्या कागदांवरही इतक्या दुःखानं केली नव्हती.

शेवटचं कलम माझं होतं. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर आमची बुद्धमूर्ती आहे. आधीच्या एका एजंटानं हळूच सुचवलं होतं की घर दाखवायचे चार दिवस ती आत ठेवा, गिऱ्हाईक वाढेल. मी त्याला त्याच पावली बाहेर काढलं होतं. ते सगळं त्यांना सांगितलं आणि म्हटलं, "मूर्ती हलणार नाही. हे मी लिहिणार."

या वेळी त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही. तळहातही आपटला नाही. म्हणाल्या, "लिहा. खाली असंबी लिहा, की ज्याला मूर्ती खटकंल त्याला एजंटनं दुसऱ्यांदा आनायचं न्हाई. सही मी आधी करते."

मग सुरू झाली आमची मौनव्रताची जत्रा. गिऱ्हाईक आलं की हे कॉटवर तोंड मिटून बसायचे. पण हाताचं कलमात काही नव्हतं! कुणी बाथरूमकडे निघालं की यांचं बोट छताकडे जायचं. बोअरचा विषय निघाला की हे मान खाली घालून पंजा उलटा करायचे. बाई सांगून टाकायच्या, "साहेबांचं मौन असतं." एका आजीबाईंनी त्या बोटाचा भलताच अर्थ घेतला, 'वरचा सगळं बघतोय' म्हणाल्या आणि यांच्या पाया पडून गेल्या. त्या दिवशी दार लावल्यावर बाई जिन्याच्या पायरीवर बसून इतक्या हसल्या की किल्ल्यांचा जुडगा थांबेचना.

दुसऱ्या महिन्यात एक गृहस्थ आले. घर आवडलं, सांगितलेली किंमत मान्य केली, घासाघीस नाही. निघताना पोर्चमध्ये त्यांनी बाईंना विचारलं. मी खिडकीशी होते, शब्द न् शब्द ऐकला.

"मालक कोण लोक आहेत?"

"बाई नर्स हायेत, साहेब वीजमंडळात हुते."

"तसं नाही हो. म्हणजे, कोण लोक? आत ती मूर्ती आहे. वास्तुशांत नीट करून घ्यावी लागेल, म्हणून म्हटलं."

"लई चांगले लोक हायेत," बाई म्हणाल्या. "पन तुमी हे घर घेऊ नका काका. तुमच्या मापाचं न्हाई हे. चला, तुमाला गाडीपर्यंत सोडते."

त्या आत आल्या, पाणी मागितलं, दोन तांबे प्यायल्या. त्या दिवशी मी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तिसरा महिना संपत आला तशी माझी झोप उडाली. बिल्डरचे फोन सुरू झाले. आणि मग देवळाली प्रवराकडचं एक शिक्षक जोडपं आलं. दोघांची बदली नगरला झालेली. नवऱ्यानं घर पाहिलं, बायको मात्र सरळ यांच्या कॉटपाशी येऊन बसली. "काका, तुम्ही इतकी वर्षं राहिलात. घर कसं आहे, तुम्हीच सांगा."

यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बोला साहेब. कलम रद्द."

पाऊण तास! गळती, बोअर, कुत्रं, कुठलं बटण उलटं लागलंय, कुठल्या खिडकीतून थंडीत ऊन येतं आणि किती वाजता, कुठल्या पायरीवर आपण घसरलो. ती पोरगी वहीत लिहून घेत होती. बाईंचे डोळे मिटलेले. शेवटी तिनं वही बंद केली आणि नवऱ्याला म्हणाली, "हेच घ्यायचं. आता निदान माहीत तरी आहे काय घेतोय ते." गळतीचे म्हणून थोडे पैसे मात्र तिनं चोख कमी करून घेतले.

गाडी अडली ताब्यावर. त्यांना घर लगेच हवं होतं, शाळा सुरू होणार होती, भाड्याच्या घराची मुदत संपत होती. आमचा फ्लॅट पैसे भरल्यावर दीड महिन्यानं मिळणार. नवरा म्हणाला, जमत नसेल तर दुसरीकडे बघतो. कुणी हलेना. बाई चक्क यांच्या बाजूनं, मग त्यांच्या बाजूनं, मग पुन्हा आमच्या बाजूनं भांडून दमल्या.

"भाड्याचं कितवं घर तुमचं?" त्यांनी एकदम त्या पोरीला विचारलं.

"चौथं."

"माझं एकोनिसावं."

निम्म्या सावेडीला घरं मिळवून देणारी ही बाई!

"नवरा गेला तवापास्नं भाड्यानंच," त्या म्हणाल्या. "अकरा महिनं झालं की सामान गोळा. आता तर मी पडदेच लावत न्हाई." मग स्वतःच हसल्या आणि तळहात आपटला. "सिस्टर, घ्या कागद. दीड महिना वर हे राहतील, खाली तुमी. जिना साहेबांना चढायचा न्हाई, ह्यांना चढायचाय. शेगडी सात ते आठ ह्यांची, मग तुमची. कुनी कुनाला घाई करायची न्हाई."

ते मी लिहिलं. चौघांनी सह्या केल्या. खरेदीखत झालं, बाईंचा दीड टक्का त्याच दिवशी हातात ठेवला. आणि तो दीड महिना? वर-खाली अशी दोन घरं एका शेगडीवर जेवली. शेगडीचं कलम तिसऱ्या दिवशीच मोडलं, कारण हे सकाळी सहालाच सगळ्यांचा चहा टाकायचे.

आता जांभळी स्कूटर सावेडीत दिसत नाही. नव्या फ्लॅटमध्ये आल्यावर वर्षभरानं त्यांचा फोन आला. "सिस्टर, कोल्हारला भावानं जागा दिली हाय. दोन खोल्या बांधतेय. येऊन बघा."

आम्ही गेलो. बांधकाम अजून सुरूच व्हायचं होतं. उसाच्या कडेला साफ केलेली जमीन आणि तिच्यावर पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या रेघा. रेघांच्या मधोमध एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बाई बसलेल्या, हातात थर्मास. मी त्यांना बघितलं आणि आनंदानं सरळ त्यांच्याकडे चालायला लागले.

"ओ सिस्टर!" त्या खुर्चीतून ओरडल्या. "भिंतीतनं काय येताय? दार तिकडं हाय!"

मी खाली पाहिलं. माझा एक पाय रेघेच्या आत, एक बाहेर. पाय मागे घेतला. यांचा हात धरला, सगळ्या रेघेला वळसा घालून फक्की जिथं दोन हात सुटली होती तिथं आलो. तिथं आधीच कुणीतरी चपला काढून ठेवलेल्या होत्या. आम्हीही काढल्या, आणि आत गेलो.